कडी आधी लावून द्या : टनेलची साधनं बनवणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

लॅपटॉपवर चालणारा सर्व्हर एका कमांडमध्ये जगासमोर नेऊन ठेवणारी साधनं तुम्ही बनवता. तुमच्यातले काही जण मोठ्या कंपन्यांत आहेत, काही जण एकट्याने, नोकरी सांभाळून, ओपन सोर्समध्ये हे काम करतात. एनग्रॉक, लोकलटनेल, क्लाउडफ्लेअर टनेल, टेलस्केल फनेल, एफआरपी अशी कितीतरी नावं आहेत आणि त्यातलं एखादं तरी माझ्या टर्मिनलमध्ये रोज उघडं असतं. हे पत्र तुम्हा सगळ्यांना मिळून आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगतो. टनेल, म्हणजे जग आणि माझं यंत्र यांच्यातली ही वाट, सुरू होईल ते कडी लावलेलं, म्हणजे येणारा कोण ते आधी विचारणारं, सुरू होऊ द्या. ज्याला कडी काढायची आहे त्याने ती स्वतःच्या हाताने, समजून-उमजून काढावी.

तक्रारीआधी आभार मानायला हवेत, कारण तुमच्या साधनांआधीचे दिवस मी पाहिले आहेत. इंटरनेटवरच्या यंत्रांना मिळणारे आयपीव्ही४ चे पत्ते जेमतेम ४२९ कोटी. १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्राने १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी बाजूला काढले आणि तेव्हापासून आपली यंत्रं राउटरच्या मागे, बाहेरचा एकच पत्ता अनेक यंत्रांना वाटून देणाऱ्या नॅटच्या आडोशाला राहू लागली. फेब्रुवारी २०११ मध्ये पत्ते वाटणाऱ्या आयाना या संस्थेकडचे शेवटचे मोठे गठ्ठेही वाटून संपले. आता अनेक ठिकाणी इंटरनेट पुरवणारी कंपनी स्वतःच्या पातळीवर आणखी एक नॅट लावते, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करूनही, म्हणजे यंत्राचं एक दार (पोर्ट) बाहेरच्यांसाठी जोडून देऊनही, बाहेरचा माणूस आत पोचत नाही. अशा यंत्राला बाहेरून हाक मारायची सोयच नसते. ते मात्र बाहेर हाक मारू शकतं, आणि तुम्ही नेमका याचाच उपयोग केलात. माझ्या यंत्रातून एक जोडणी बाहेर तुमच्या सर्व्हरपर्यंत जाते, फायरवॉल तिला अडवत नाही, आणि जगातून येणाऱ्या विनंत्या त्याच जोडणीवरून उलट्या आत येतात. आतून बाहेर गेलेल्या माणसाचा हात धरून पाहुणा घरात यावा, तसं.

याने माझं काम किती सोपं झालं, हे वेबहुक लिहिणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पेमेंट झालं की समोरची सेवा आपल्या सर्व्हरला निरोप पाठवते. तो निरोप माझ्या लॅपटॉपवर यायचा मार्गच नव्हता, म्हणून आम्ही प्रत्येक बदलानंतर कोड टेस्ट सर्व्हरवर चढवायचो, लॉगमध्ये ओळी छापायचो आणि पुन्हा चढवायचो. टनेल आल्यावर खराखुरा निरोप माझ्या एडिटरमधल्या ब्रेकपॉइंटवर, कोड थांबवून तपासायच्या जागी, येऊन थांबला. त्यातली प्रत्येक की, प्रत्येक व्हॅल्यू मी उघडून पाहू शकलो. चार दिवस न सापडलेली चूक दहा मिनिटांत सापडली. रक्कम अक्षरांच्या रूपात येत होती आणि आम्ही ती आकडा समजून बेरीज करत होतो. तो आनंद मी विसरलेलो नाही, म्हणूनच हे पत्र रागाने लिहिलेलं नाही.

आता ज्या दिवसामुळे हे लिहावंसं वाटलं, तो दिवस.

एका वेबसाइटचा अर्धवट झालेला आराखडा दूर बसलेल्या सहकारी डिझायनरला दाखवायचा होता. मी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये पायथनचा एका ओळीत सुरू होणारा फाइल सर्व्हर सुरू केला. खरं तर तो आतल्या, तयार फाइलींच्या फोल्डरमध्ये सुरू करायला हवा होता, पण चित्रांचे रस्ते जुळेनात म्हणून एक पायरी वर, मुळाशीच केला. मग टनेल उघडलं आणि आमच्या स्वतःच्या डोमेनवर त्याला एक सुटसुटीत नाव दिलं. तिला लिंक पाठवली. तिने पाहिलं, दोन सूचना केल्या, आम्ही दोघांनी काम आवरलं. मी लॅपटॉपचं झाकण बंद केलं. टर्मिनलची ती खिडकी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा टनेल आपोआप पुन्हा जोडलं गेलं. नेट तुटलं की स्वतःहून परत जोडणं हा तुमच्या साधनांचा एक गुण म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच. दुपारी दुसऱ्याच कामासाठी ती खिडकी समोर आली आणि मी लॉग वर सरकवत गेलो. माझ्या सहकारिणीची पहिली विनंती पोचायच्या आधीच दुसऱ्या कुणाची तरी पोचली होती. वर्डप्रेसचं लॉगिन पान मागितलेलं होतं, ४०४, म्हणजे ‘असं काही नाही’. पीएचपीमायअॅडमिन, ४०४. त्याखाली कोडचा इतिहास ठेवणाऱ्या डॉट गिट फोल्डरच्या आतली कॉन्फिग फाइल, २००. आणि त्याच्याखाली पासवर्ड-किल्ल्या ठेवायची डॉट ईएनव्ही फाइल, तेही २००.

ज्यांनी ही ओळ स्वतःच्या पडद्यावर पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०० म्हणजे ‘घ्या, दिली’. पायथनचा तो सर्व्हर टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली लपवत नाही. जे मागाल ते देतो, न मागता फोल्डरची यादीही दाखवतो, आणि स्वतःच्या यंत्रापुरता वापरायचा म्हटलं तर त्यात काही वावगं नाही. डॉट गिटचं फोल्डर उघडं असेल तर त्यातून सगळा सोर्स कोड, जुन्या इतिहासासकट, परत उभा करता येतो. डॉट ईएनव्हीमध्ये ईमेल पाठवायच्या सेवेची खरी की होती, डेटाबेसचा पासवर्ड होता, पेमेंटची टेस्ट की होती. त्या रात्री बसून मी सगळ्या किल्ल्या बदलल्या, टीम लीडला काय झालं ते जसंच्या तसं लिहून कळवलं, आणि गिटच्या इतिहासात आणखी काय पुरलेलं आहे ते एकेक कमिट उघडून पाहिलं. चूक माझी होती. फोल्डर मी चुकीचा निवडला, टनेल मी विसरलो. हे मान्य करूनच पुढचं लिहितो आहे.

मला सगळ्यात जास्त वेळ एका प्रश्नाने छळलं. ते नाव मी एकाच माणसाला पाठवलं होतं, मग त्या अनोळखी विनंत्या तिच्याही आधी कशा आल्या? उत्तर सापडलं तेव्हा मान खाली गेली, कारण ते गुपित नव्हतंच. आमच्या डोमेनवर नवं नाव जोडलं तेव्हा त्या नावाचं सर्टिफिकेट, म्हणजे सुरक्षित जोडणीसाठी लागणारा नावाचा दाखला, निघालं, आणि आज निघणारं जवळपास प्रत्येक सार्वजनिक सर्टिफिकेट उघड्या नोंदवहीत चढतं. २०११ मध्ये डिजिनोटार या डच सर्टिफिकेट कंपनीत घुसखोरी होऊन खोटी सर्टिफिकेटं बाहेर पडली. अशा प्रकारांवर उपाय म्हणून प्रत्येक सर्टिफिकेट उघड नोंदवायची, सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीची कल्पना पुढे आली, २०१३ मध्ये आरएफसी ६९६२ आला, आणि ३० एप्रिल २०१८ नंतर निघालेल्या सर्टिफिकेटांसाठी क्रोमने ही नोंद सक्तीची केली. व्यवस्था फार चांगली आहे. फक्त तिचा एक अर्थ असा होतो की नव्या नावाचा जन्म झाला की त्याची दवंडी पिटली जाते, आणि ती ऐकायला बॉट सतत कान लावून बसलेले असतात. तुमच्यापैकी बरेच जण आपल्या डोमेनखाली सगळ्या नावांना मिळून चालणारं एकच वाइल्डकार्ड सर्टिफिकेट वापरतात, त्यामुळे यादृच्छिक नावं त्या वहीत येत नाहीत. स्वतःचं डोमेन जोडणाऱ्याचं नाव मात्र येऊ शकतं. हे जोडणीच्या पानावर, त्याच क्षणी, एका वाक्यात सांगता येणार नाही का? ‘हे नाव सार्वजनिक नोंदीत दिसेल’, एवढंच.

आणि यादृच्छिक नाव म्हणजे तरी पासवर्ड नव्हे. तीन-चार शब्द जोडून बनवलेलं लांबलचक नाव पाहिलं की आपल्या मनात आपोआप येतं, हे कोण ओळखणार? ओळखायची गरजच पडत नाही. लिंक चॅटमध्ये टाकली की झलक दाखवण्यासाठी त्या चॅट सेवेचा बॉट ती उघडून येतो. ती तिकिटात चिकटवली जाते, स्क्रीनशॉटमध्ये येते, ब्राउझरच्या इतिहासातून दुसऱ्या यंत्रावर जाते. पासवर्ड जपायची सवय आपल्याला लागलेली आहे, लिंक जपायची सवय कुणालाच नाही. लिंक असते ती पुढे पाठवायलाच.

त्या लॉगमध्ये आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला येणाऱ्याचा पत्ता छापलेला होता. माझ्या सहकारिणीच्या ओळीवर, वर्डप्रेस शोधणाऱ्याच्या ओळीवर, डॉट ईएनव्ही घेऊन गेलेल्याच्या ओळीवर, सगळीकडे एकच: १२७.०.०.१. म्हणजे माझंच यंत्र. टनेलचा माझ्या बाजूचा प्रोग्रॅम माझ्याच लॅपटॉपवर चालतो आणि तोच सर्व्हरशी बोलतो, त्यामुळे सर्व्हरच्या दृष्टीने जगातला प्रत्येक माणूस घरातलाच ठरतो. खरा पत्ता तुम्ही विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या एका वेगळ्या ओळीत, हेडरमध्ये, पाठवता, पण तो वाचायचा की नाही हे सर्व्हरवर अवलंबून, आणि विकासासाठी वापरायचे किती साधे सर्व्हर तो वाचतात?

आता विचार करा, आपलं किती सॉफ्टवेअर ‘विनंती १२७.०.०.१ वरून आली, म्हणजे मालकच आहे’ या विश्वासावर उभं आहे. डेटाबेस पाहायची पानं, क्यूचे डॅशबोर्ड, डीबगची साधनं. लॉगिन लावलेलं नसतं, कारण बाहेरचा कुणी इथवर येणारच नाही असं गृहीत धरलेलं असतं. पायथनमध्ये वेबसाइट बनवायच्या फ्लास्कसोबत येणाऱ्या वर्कझॉइगचा डीबगर, म्हणजे चुका शोधायचं साधन, घ्या. प्रोग्रॅम कोसळला की तो ब्राउझरमध्येच कन्सोल उघडून देतो आणि त्यात लिहिलेला पायथन कोड सर्व्हरवर चालतो. शिकताना, काम करताना ही सोय अमोल आहे. बाहेरच्याच्या हातात पडली तर यंत्र त्याचं झालं. पुढे त्याला पिन जोडला गेला, पण त्याआधीची एक घटना सगळ्यांना ठाऊक असायला हवी. २०१५ मध्ये कलाकारांना चाहत्यांकडून पैसे मिळवून देणाऱ्या पेट्रिऑनमधून माहिती चोरीला गेली तेव्हा कंपनीनेच सांगितलं होतं की घुसखोर आत आला तो वेबसाइटच्या डीबग आवृत्तीतून, जी लोकांना दिसेल अशी राहून गेली होती. तिथे टनेल होतं असं मी म्हणत नाही. जे घरात चालायचं ते रस्त्यावर उघडं राहिलं, तर काय होतं ते सांगतो आहे, आणि तुमचं साधन नेमकं घरातलं रस्त्यावर नेण्यासाठीच आहे.

फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचे तयार सांगाडे, बनवणाऱ्यांना हा धोका कळलेला दिसतो. जँगो अनोळखी होस्टचं, म्हणजे साइटच्या पत्त्यातलं, नाव आलं की विनंती नाकारतं, रेल्सनेही २०१९ च्या सहाव्या आवृत्तीत अशीच तपासणी आणली, २०२५ च्या सुरुवातीला व्हाइटनेही. म्हणून टनेल उघडल्यावर पहिल्यांदा दिसतं ते बहुतेक वेळा ‘हा होस्ट चालणार नाही’ असं पान. मग माणूस काय करतो? शोधतो, आणि सापडलेल्या पहिल्या उत्तरात लिहिलेलं असतं की परवानगीच्या यादीत तारा (*) टाका. तारा म्हणजे कुणीही या. टनेल बंद झाल्यावरही तो तारा कोडमध्ये राहतो आणि एखाद्या दिवशी कमिट होऊन पुढे जातो. तुमच्या मार्गदर्शिकांत, पहिल्याच पानावर, ताऱ्याऐवजी नेमकं नाव घालायची ओळ कॉपी करायला ठेवा. लोक जे समोर दिसतं तेच चिकटवतात, मीही तेच करतो.

‘पण कडी तर आम्ही दिलेली आहे,’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पासवर्ड लावायची सोय आहे, गूगलने लॉगिन करायला लावायची आहे, ठरावीक आयपींनाच येऊ द्यायची आहे. काहींनी ती मोफतही दिली आहे. पण ती मागावी लागते. घाईत असलेला माणूस मागत नाही, आणि टनेल उघडणारा माणूस जवळजवळ नेहमी घाईतच असतो. कुणीतरी फोनवर थांबलेलं असतं.

डिफॉल्ट बदलल्याने काय होतं, याचा इतिहास आपल्याच क्षेत्रात आहे. तुमच्या साधनांचा पूर्वज म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करू देणारं एसएसएच, जे तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात असताना लिहिलं. त्यातल्या उलट्या पोर्ट फॉरवर्डिंगने मी कितीतरी वर्षं टनेलचंच काम केलं. पहिल्यांदा केलं तेव्हा दोन तास डोकं धरून बसलो होतो, कारण सगळं बरोबर लिहूनही बाहेरून काही उघडेना. मग कळलं की ओपनएसएसएच, म्हणजे एसएसएचची ओपन सोर्स आवृत्ती, असा पोर्ट मुळात त्या दूरच्या सर्व्हरच्या स्वतःच्या १२७.०.०.१ वरच उघडतो. जगाला दाखवायचा असेल तर गेटवेपोर्ट्स नावाचं सेटिंग सर्व्हरवर जाऊन बदलावं लागतं. तेव्हा वैताग आला. आज वाटतं, कुणीतरी माझ्या वतीने विचार करून ठेवला होता.

रेडिस या डेटाबेसचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेडिसचे कर्ते साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी स्वतःच लिहून दाखवलं की पासवर्ड नसलेला, उघडा राहिलेला रेडिस किती सहज ताब्यात घेता येतो. ‘वापरणाऱ्यांनी काळजी घ्यावी’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. २०१६ च्या ३.२ आवृत्तीत संरक्षित मोड आला. पासवर्ड नसेल आणि सगळ्या पत्त्यांवर ऐकत असेल, तर रेडिस फक्त स्वतःच्या यंत्रावरून आलेल्यांनाच उत्तर देतो आणि इतरांना का नाही ते नीट समजावून सांगतो. माँगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसला हा धडा जास्त महाग पडला. जानेवारी २०१७ मध्ये हजारो उघडे डेटाबेस पुसून त्यांच्या जागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. त्याच वर्षी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून तो मुळात फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे १२७.०.०.१ वर, ऐकू लागला.

आणि इथेच तुमची जबाबदारी वाढते. रेडिसची ती कडी कशावर अवलंबून आहे? विनंती १२७.०.०.१ वरून आली की नाही, यावर. कुणी रेडिसच्या ६३७९ पोर्टवर टीसीपी टनेल लावलं की येणारा प्रत्येक जण १२७.०.०.१ वरूनच येतो. इतरांनी ठेच खाऊन लावलेल्या कड्या टनेल एका फटक्यात काढून ठेवतं. त्यांनी लावलेली कडी तुमच्यामुळे निघत असेल, तर ती परत लावायचं कामही तुमच्याच टोकाला व्हायला हवं. दुसरं कुणी ते करू शकत नाही, कारण बाहेरचा माणूस कोण आहे हे फक्त तुम्हाला दिसतं.

हे अशक्य नाही. व्हीएस कोड या एडिटरमधून पोर्ट बाहेर काढला की तो मुळात खासगी असतो, उघडायला आपल्याच खात्याने लॉगिन करावं लागतं. गिटहबच्या कोडस्पेसेसमध्येही तसंच. सार्वजनिक करायचा तर वेगळं सांगावं लागतं. मी दोन्ही वापरतो. लॉगिनचे पाच-सात सेकंद जातात. माझं एकही काम त्यामुळे अडलेलं नाही.

वेबहुकचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. पेमेंट सेवेचा सर्व्हर काही गूगलने लॉगिन करू शकत नाही. पण म्हणून सगळं घर उघडं टाकायची गरज आहे का? वेबहुकला एकच रस्ता लागतो, तोही फक्त पोस्ट, म्हणजे माहिती पाठवणाऱ्या, विनंतीसाठी. तेवढाच उघडा, बाकी सगळ्याला ४०३, म्हणजे ‘मनाई’. त्यापुढे, नीट बनवलेल्या सेवा निरोपावर सही करतात. गिटहब प्रत्येक निरोपासोबत, सीक्रेट ठरवलेलं असेल तर, एक्स-हब-सिग्नेचर-२५६ या हेडरमध्ये एचमॅकची, म्हणजे त्या सीक्रेटवरून काढलेली, सही पाठवतं. ती सही टनेलच्या तुमच्या टोकालाच तपासता येते, म्हणजे खोटा निरोप माझ्या यंत्रापर्यंत येतच नाही. हे काही ठिकाणी आजही मिळतं, पण सेटिंगांच्या तिसऱ्या पानावर. शिवाय अनेक वेळा टनेल लागतच नाही. स्ट्राइप या पेमेंट सेवेचं कमांड लाइन साधन टेस्टचे निरोप थेट लोकलहोस्टवर आणून देतं, सार्वजनिक पत्ता न बनवता. तुमच्या मार्गदर्शिकेने हे सांगितलं तर तुमचा एक वापर कमी होईल, हे मला कळतं. तरीही सांगा.

म्हणून माझी सूचना अशी, की कमांड चालवल्यावर आधी एक प्रश्न विचारा: कुणासाठी उघडायचं आहे? माझ्यासाठी, ओळखीच्या माणसांसाठी, एखाद्या यंत्रासाठी, की सगळ्यांसाठी? उत्तर न देता एंटर दाबलं तर ‘माझ्यासाठी’. ‘सगळ्यांसाठी’ निवडणारे असतील, त्यांना अडवू नका. कॉलेजच्या स्पर्धेत रात्री तीनला डेमो दाखवणाऱ्या मुलांना हवंच असतं ते. फक्त ते निवडलेलं असू दे, राहून गेलेलं नको.

दुसरी गोष्ट वेळेची. डेमो तासाभराचा असतो, टनेल आठवडाभर चालतं. मुळात दोन तासांची मुदत ठेवा, संपायच्या दहा मिनिटं आधी टर्मिनलमध्ये विचारा, उत्तर आलं नाही तर बंद करा. घरच्या सर्व्हरसाठी कायमचं टनेल हवं असेल त्याने कायमचं असं लिहावं. आणि झाकण बंद होऊन तासन् तास गेल्यावर आपोआप पुन्हा जोडू नका, विचारा. माझ्या त्या दिवसातला निम्मा अनर्थ एवढ्याने टळला असता. किल्ल्या आदल्या संध्याकाळीच गेल्या होत्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत माझं सगळं फोल्डर पुन्हा उघडं होतं.

विषय निघालाच आहे म्हणून नावांबद्दलही. फुकट मिळालेलं यादृच्छिक नाव मी सोडलं की ते उद्या दुसऱ्याला मिळू शकतं. मी मात्र ते समोरच्या सेवेत वेबहुकचा पत्ता म्हणून लिहून ठेवलेलं असतं आणि तिथून काढायचं विसरलेलो असतो. माझ्या ग्राहकांचे निरोप मग अनोळखी माणसाच्या लॅपटॉपवर जातात. प्रत्येक खात्याला कायमचं एक नाव देणं हा यावरचा चांगला उपाय आहे आणि तुमच्यातल्या काहींनी तो केलाही आहे. इतरांनी सोडलेलं नाव निदान बराच काळ कुणालाही देऊ नये.

एक बाब उघडपणे सांगायची राहते, ती म्हणजे मधे तुम्ही काय वाचू शकता. बहुतेक टनेलांत कुलूपबंद जोडणी तुमच्या सर्व्हरवर उघडते आणि तिथून पुढे माझ्याकडे येते. म्हणजे माझ्या ग्राहकाने भरलेला फॉर्म तुमच्या यंत्रात क्षणभर उघडा असतो. टेलस्केल फनेलमध्ये तसं नाही, तिथे टीएलएस, म्हणजे जोडणीचं हे कुलूप, माझ्याच यंत्रावर उघडतं आणि मधला सर्व्हर बंद पाकीट पुढे देतो. दोन्ही पद्धतींना आपापली कारणं आहेत, मधे सही तपासायची तर पाकीट मधे उघडावंच लागतं. मला फक्त कोणती पद्धत चालू आहे ते टनेल उघडतानाच दिसायला हवं. रुग्णांची किंवा पगाराची माहिती असलेलं काही दाखवताना हा फरक छोटा नसतो.

कंपन्यांचे सुरक्षा विभाग तुमच्या नावांवर सरसकट बंदी घालतात, याचं तुम्हाला वाईट वाटत असेल. मलाही वाटतं. पण त्यांच्या बाजूने पाहा. मायटर या संस्थेने हल्लेखोरांच्या साधनांची जी यादी ठेवली आहे तिच्यात एनग्रॉकची नोंद आहे, कारण आत शिरलेला हल्लेखोरही हेच करतो: आतून बाहेर एक जोडणी, आणि तिच्यावरून परत आत. नेटवर्क पाहणाऱ्याला माझं टनेल आणि त्याचं टनेल सारखंच दिसतं. मुळात लॉगिन मागणारं, ठरलेल्या वेळी बंद होणारं, कंपनीच्या खात्याशी बांधलेलं टनेल वेगळं ओळखता आलं, तर बंदीऐवजी परवानगी देणं त्यांनाही सोपं जाईल. आज बंदीमुळे लोक थांबत नाहीत, फक्त कुणाला न सांगता स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटवरून करतात. ते जास्त वाईट.

काही मोफत टनेलांवर आता पाहुण्याला आधी एक सूचनेचं पान दिसतं, की हे कुणीतरी आपल्या यंत्रावरून दाखवतं आहे, विश्वास असेल तरच पुढे जा. फसवणुकीच्या पानांना आळा बसावा म्हणून ते आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यात तुम्ही सावध केलंत ते येणाऱ्याला. ज्याने आपलं यंत्र उघडलं, त्याला असं एकही पान दिसत नाही. त्याला दिसतो हिरव्या अक्षरांत ‘ऑनलाइन’ हा शब्द आणि त्याखाली पत्ता.

त्या पत्त्याखाली मला आणखी चार ओळी हव्या आहेत. कोण येऊ शकतं: फक्त तुम्ही. कधी बंद होईल: सायंकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी. पाकीट कुठे उघडतं: आमच्या सर्व्हरवर, किंवा तुमच्या यंत्रावर. आणि शेवटची, जी त्या संध्याकाळी दिसली असती तर मी सहकारिणीला लिंक पाठवायच्या आधीच कंट्रोल-सी दाबून टनेल बंद केलं असतं: या फोल्डरमध्ये डॉट ईएनव्ही आणि डॉट गिट आहेत, आणि सर्व्हर ते बाहेर देतो आहे. टनेल जगाला उघडायच्या आधी तुमच्या प्रोग्रॅमने माझ्याच सर्व्हरला या दोन फाइली मागून पाहायच्या आहेत. दोन विनंत्या, त्याही १२७.०.०.१ वरून.

आपला,
टनेल रोज वापरणारा एक डेव्हलपर